बारावा

एका बाजूला दोन लाख चाळीस हजार,
चोवीस हप्ते, पहिला दसऱ्यानंतर.
दुसऱ्या बाजूला नसीरभाई शिकलगारांचा जुना ठोकळा,
रोख पंच्याऐंशी.
"भिंगं दोन आहेत पोरी, आणि माझी सवय फुकट.
आठ दिवस वापर, मग बोल."
मधे मी,
गणपती पेठेतल्या साडेनऊ फुटी स्टुडिओत
कॅल्क्युलेटर उपडा घालून बसलेली.

नवा अंधाराला भीत नाही.
मांडवातली लाइट गेली तरी
नवरीच्या नथेतले मोती मोजून देतो.
सेकंदाला दहा.
डोळा लावला की माझे खांदे आवळतात
बंदूक धरल्यासारखे,
आणि समोरचा माणूस
हजेरी लागल्यागत ताठ होतो.

ठोकळ्यात वरून बघायचं.
मान खाली घालायची,
देवळात घालतात तशी नाही,
विहिरीत डोकावतात तशी.
तळाशी काचेवर माणूस असतो,
डावीकडे निघाला की उजवीकडे जातो,
त्याच्या मागे जावं तर हमखास निसटतो.
रोलला बारा. बारा म्हणजे बारा.
तेरावा मागितला तर नुसता पाठीचा कागद.
पुण्याचं कुरिअर धरून
एका खटक्याला एकशे ऐंशी रुपये.

सौदे उरकल्यावर दोन्ही घेऊन मार्केट यार्डात गेले.
भूपालअण्णा, तीस वर्षं पोती उचलतात,
कानाच्या पाळीमागेसुद्धा हळद.
नव्यानं तीनशे चौदा काढले.
अण्णा हसले, खोकले, तंबाखू मळली, सगळं आलं,
भुवईचा केस न् केस, केसावरची पिवळी धूळ.
मागच्या पडद्यावर बघून म्हणाले,
"हां. मीच हाय."
विषय संपला.

मग ठोकळा.
गालाजवळ मीटर धरला. ढग हलेना.
"काढला?"
"नाही अजून."
त्यांनी गळ्याजवळचं बटण लावलं.
"आता?"
"नाही."
मग त्यांनी वाट बघायचं सोडलं
आणि बोलायला लागले,
पुरात भिजलेल्या लग्नाच्या अल्बमबद्दल.
पाणी उतरल्यावर फोटो सालीसारखे निघाले म्हणे.
बायकोच्या जागी पांढरा कागद,
शालूचा काठ तेवढा राहिला.
"आता दुसरा कुठनं आणायचा?"
मी खटका दाबला की नाही, आठवत नाही.
आकडा सांगत होता, सात झाले.

पुढचे दोन आयर्विन पुलावर,
दोन माझ्याच बोटाच्या घाईनं.

सरळ सांगते, मी नव्याच्या कागदांवर सही केली.
तुळशीचं लग्न लागलं की सराई सुरू.
तासगावच्या बेदाण्याच्या बॉक्सचं काम आहे,
दाणा चमकायला हवा,
सुरकुत्या हव्यात, पण हिशेबात.
जाणकार म्हणतील, फरक मोठ्या प्रिंटला कळतो.
माझ्या गिऱ्हाइकाची भिंत कॅलेंडरनं भरते.

ठोकळा द्यायला मिरजेला गेले.
एक उरला होता.
"वाया घालवू नको," नसीरभाई म्हणाले.
हात थरथरतात, म्हणून तर विकायला काढलेला.
मी स्टँड लावला,
पडदा एक सेकंद उघडा ठेवला.
अख्खा एक सेकंद.
शेजारच्या सतारीच्या दुकानात
कुणी तार चढवत होतं, उतरवत होतं.
भाईंचे हात मांडीवर, त्यांच्या त्यांच्या नादात.

रोल पुण्याला गेलाय. अकरा दिवस झाले.
नव्यात तोवर नऊ हजार फोटो,
निम्मे मी बघितलेही नाहीत.
कुरिअरवाल्याची गाडी गल्लीत वाजली
की हातातलं सोडून दारात जाते.
बाराव्यात हात आलेत की नुसता धूर,
कोण जाणे.
रोज वेगळे येतात.